थुंकले, म्हणून वाचले

मी चुंपी बोलतेय. जातीने लामा, तपकिरी, आणि आता म्हातारी. दात झिजलेत, कडक गवत तुटत नाही. मग उन्हात बसते आणि जुने दिवस रवंथ करते.

माझी मालकीण नीवेस, ती शहरात पशुपालन शिकून डोंगरावर परतली, त्या वर्षी जनावरांचे कान सजवायच्या सणाला तिच्या वडिलांनी, मेलितोननी, तिला कळप सुरू करायला एक मादी दिली. ती मी. माझ्या कानात तिने गुलाबी लोकरीचे गोंडे ओवले. माणसं देताना आधी नको असलेलंच शोधतात. दोन वर्षं मला पिल्लू झालं नव्हतं.

"यंदा गाभण राहिली तर तुझी," मेलितोन म्हणाले. "नाहीतर थंडीत कापून मांस सुकवू. वांझ पोसायची कशाला?"

"ताता, नर कुठला लावता?" नीवेसने वडिलांना विचारलं.

"आपला पांढरा. सगळ्या कळपाचा बाप आहे तो!"

"हिचाही बापच आहे! वर म्हातारा झालाय. आणि वांझ मात्र ही?"

"चार बुकं शिकलीस, आता मला लामा शिकवतेस?"

"कुणीतरी शिकवायलाच हवं!"

तिने वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं पाठीवर घेतलं, दोन दिवस चालून खिंडीपलीकडे गेली आणि त्या बदल्यात एक करडा नर मागून आणला. काय गुरगुरायचा माझ्या कानाशी! मी मुकाट खाली बसले; आमच्यात मादी बसूनच नराला जवळ करते.

पंधरा दिवसांनी परीक्षा. नर पुन्हा समोर आणतात. मादी बसली, तर पोट रिकामं. थुंकली, तर गाभण. माझी दोरी मेलितोननी धरली होती. नीवेस करड्याला घेऊन आली.

करडा जवळ आला आणि माझ्या पोटातून हिरवा फवारा उसळला. तो शहाणा, बाजूला झाला. सगळं मेलितोनच्या तोंडावर!

नीवेस हसून हसून खाली बसली. त्यांनी टोपीने तोंड पुसलं.

"गाभण आहे," ते म्हणाले. "आणि तुझ्यासारखीच आहे. जे काय ते तोंडावर."

पुढच्या वर्षी सकाळच्या उन्हात माझी लेक जन्मली. ती पहिल्यांदा उभी राहीपर्यंत मेलितोन जागचे हलले नाहीत. नंतर येईल त्याला सांगायचे, "ही मादी मीच निवडून दिली हो लेकीला!" नीवेस चिडायची. मला ते ऐकायला फार आवडायचं. आता सांगायला ते राहिले नाहीत.

समोरच्या उतारावर माझ्या लेकी, नाती, पणत्या चरताहेत. नवा कळप मांडणाऱ्यांनो, एवढंच मागते: मादीला वांझ म्हणण्याआधी नर बदलून बघा.