चौथी खिडकी

मसुराच्या दाण्याएवढं हिरवं… एवढंच. सुरीचं टोक झाडाच्या जळून काळ्या पडलेल्या सालीत घुसवून तिनं नखाएवढी खिडकी पाडली, तर आत हे ओलसर हिरवं. थोरलीनं पटकन त्यावर अंगठा ठेवला. का ठेवला, ते तिला लगेच कळलं नाही — कळलं तेव्हा कानशिलं तापली.

आधीच्या तिन्ही बाजूंच्या खिडक्या कोरड्या, तपकिरी निघाल्या होत्या. ही चौथी, ओढ्याकडची. चारांतली एक जरी हिरवी असली तरी झाड जगतं, फक्त पुढची दहा-बारा वर्षं त्याची साल काढायची नाही — हे सासूबाईंनी शिकवलेलं, आणि वस्तीत आता ही पारख एकट्या थोरलीला. वणवा येऊन गेल्याला महिना झाला होता. वनखातं मेलेली झाडं तोडणार होतं. जिवंत झाडाला तिनं पिवळी फीत बांधायची, मेलेल्यावर खात्याच्या रखवालदारानं रंगाचा लाल पट्टा ओढायचा. सकाळपासून सगळं तिच्या शब्दावर चाललं होतं. पहिला लाल पट्टा तिच्या स्वतःच्याच झाडावर बसला होता.

घरात सून आली की तिच्या नावाचं एक झाड ठरायचं. त्याच्या सालीचे डबे करायचे, धान्याचे, बियाण्याचे, बाळाच्या कपड्यांचे. थोरलीला मिळालं चढावरचं, किडकिडीत. आणि सात वर्षांनी आलेल्या धाकटीला सासूबाईंनी चक्क स्वतःचं झाड दिलं, हेच ओढ्याकाठचं, दोघींच्या कवेत न मावणारं! वर थोरलीची समजूत घातली, “तुझा हात चांगला आहे, तुला कुठलंही चालेल.” म्हणजे चांगल्या हाताची ही शिक्षा. धाकटीचे डबे बेढब, झाकण बसवायला कोपर मारावं लागायचं, तरी बघणारे म्हणायचे, साल बघा काय सुरेख आहे! साल काय हिनं विणली होती?

मग मी पण दाखवतेच… असं तिनं मनाशी धरलं. दोन वर्षांनी सालीची एक पट्टी काढायची ही रीत. थोरली दरवर्षी काढू लागली, एखाद्या वर्षी दोनदासुद्धा — भर दुपारी, वस्ती कलंडलेली असताना, आणि उघड्या पडलेल्या जागेवर चिखल थापून. धाकटीच्या एका डब्यामागे हिचे पाच. तिच्या झाडाला आग अडवणारी साल जाड करायला उसंत म्हणून मिळाली नाही. उलट धाकटी जात्याच आळशी, दहादा सांगितल्याशिवाय सुरी उचलायची नाही, तीन-तीन वर्षं तिच्या झाडाला कुणी हात लावला नाही. ओढा तर कधीचाच आटलेला, त्याच्या ओलीनं वाचलं म्हणायलाही जागा नव्हती. आग दोन्ही झाडांना सारखीच लागली. आळस तरला आणि कष्ट जळाले, असं कपाळाला हात लावून म्हणता आलं असतं… पण चिखल कुणी थापला होता?

हे झाड उद्या पालवलं, की लोक विचारणारच — हे जगलं तर ते का गेलं? आणि पट्टा ओढला, की विचारायला काही उरणारच नाही. एक शब्द. तीन खिडक्या तपकिरी आहेतच की.

“काय हो ताई?” ओढ्यातल्या दगडावर बसलेली धाकटी म्हणाली. “एवढा वेळ लागतोय म्हणजे गेलंच ना?”

“बघतेय. घाई करू नकोस.”

“बघा बघा, सावकाश बघा.” ती पदरानं कपाळावरची काजळी पुसत राहिली, ती पुसली न जाता पसरली. “खरं सांगू? गेलं असेल तर जाऊ दे. तुमचं जाऊन माझं राहिलं, तर रोज तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ मी?”

घ्या! आता चांगुलपणाही हिच्याच वाट्याला. थोरलीला हसू फुटलं आणि त्या हसण्याचाच संताप आला. वरवरचं बोलत असती तर बरं झालं असतं, पण मेली मनापासून बोलत होती. पोटातला तो जुना निखारा — सासूबाईंनी झाड दिलं त्या दिवसापासूनचा — आता नुसता लालबुंद झाला.

रखवालदार रंगाचा डबा हलवत आला. “बाई, बोला लवकर. लाल की पिवळं?”

थोरलीनं अंगठा आणखी दाबला. अंगठ्याखाली गार लागत होतं. सकाळपासून बोटं राखेनं कोरडी ठक्क झाली होती, आणि हे पहिलंच ओलं. असंच ओलं एकदा… चढावर, पहिली पट्टी काढली तेव्हा. सासूबाईंनी तिचा तळवा धरून आतल्या पांढऱ्या अंगावर टेकवला होता — “आधी हात लाव, मग सुरी.” तेव्हा ती शहारली होती. मग दुसरी पट्टी, चौथी, नववी… सुरी आठवत होती, चिखल आठवत होता, धाकटीच्या डब्याशेजारी मांडलेले आपले डबे तर एकूण एक आठवत होते.

“ताई?” धाकटी उठून उभी राहिली.

आपल्या झाडाला सुरीशिवाय शेवटचा हात कधी लावला होता? पिवळ्या फितीचं टोक दुसऱ्या हातात केव्हा आलं ते थोरलीला कळलं नाही. अंगठा तसाच दाबून ती आठवत राहिली… आठवेना.