नमुन्याची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे, पण आजवर मी कुणाच्या घरची पायरी चढले नाही. कारखान्यातून निघाले ती थेट वरच्या मजल्यावर, माहितीपत्रक विभागात. माझ्या पोटात पाण्याची टाकी आहे आणि तापले की तिच्यात वाफ कोंडते. माझ्या बहिणी खोक्यांत बसून घरोघरी जात. त्यांच्यासोबत जो कागद जाई, त्यातलं एकेक वाक्य आधी माझ्यावर करून बघत.

तेव्हा ते कागद लिहिणाऱ्या बाईंना सगळे मागून 'खडूस बाई' म्हणत. शिपाईमामा वाक्य मोठ्याने वाचत आणि बाई त्यात असेल तेवढंच करत, काडीचंही इकडचं तिकडे नाही. एकदा मामांनी 'पाणी संपल्यावर झाकण उघडा' असं वाचलं. बाईंनी उघडलं आणि वाफेने त्यांची बोटं पोळली. मलम लावायच्या आधी त्यांनी वाक्य बदललं : 'इस्त्री पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका.' त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत एक तरतरीत साहेब आले. नव्या इस्त्रीचा कागद त्यांनी संगणकातल्या एआयकडून लिहून घेतला. चहा निवायच्या आत काम तयार. भाषा अशी गुळगुळीत, की वरिष्ठांनी पाठ थोपटली. आयत्या बिळावर नागोबा खुशीत होता. मामा म्हणाले, एकदा करून बघू या. साहेब हसले, एआयला आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणाले, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. कागदात लिहिलं होतं, 'पाणी संपल्यास झाकण उघडून पाणी भरा.' साध्या इस्त्रीला ते चालतं, आमच्या वाफ कोंडणाऱ्या जातीला नाही. खाली 'लेखन व तपासणी' म्हणून स्वतःचं नाव घालायला मात्र साहेब विसरले नाहीत.

पहिल्या खेपेतली एक इस्त्री त्यांनी हौसेने आईला नेली.

थोड्याच दिवसांनी आई विभागात आली. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. साहेब वरिष्ठांना घाईघाईने समजावत होते, की चूक एआयची आहे, आपण फक्त कागद पुढे पाठवला. आईने डाव्या हाताने तो कागद टेबलावर ठेवला.

"माझ्या लेकाला बोलू नका," ती वरिष्ठांना म्हणाली. "माझंच वाचताना काहीतरी चुकलं असेल. खाली त्याचं नाव होतं, म्हणून मी निर्धास्त झाकण उघडलं."

मला वाटलं, आता तरी मला खाली काढतील. दुसऱ्या दिवशी कागद दुरुस्त झाला, पण तोही एआयकडूनच, आणि तोही कुणी करून पाहिला नाही. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते माठात पाणी भरायला निघून गेले.

मित्रांनो, यंत्राकडून खुशाल लिहून घ्या, माझी तक्रार नाही. पण नाव तुमचं असेल, तर आधी तुमच्या हाताने करून बघा. तुम्ही स्वतःचा हात राखलात, तर भाजायला दुसऱ्या कुणाचा तरी पुढे येतो, आणि तो तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचाच असतो.