निळी झाकणं

घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती शिकवत नव्हती, पण सल्ला द्यायला शाळा कशाला लागते? काम प्रयोगशाळेत: उंदरांच्या मेंदूच्या तुकड्यांत दुखण्याची जनुकं किती जोरात चालली आहेत ते मोजायचं. तिथल्या भाषेत जनुक एकतर बोलतं, नाहीतर गप्प असतं.

या खेपेला काही उंदरांना अर्धशिशीचं औषध रोज दिलं होतं, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. निळ्या झाकणाच्या नळ्या कुणाच्या आणि पांढऱ्या कुणाच्या, हे फक्त साहेबांना ठाऊक. मोजणाऱ्याचं मन एकीकडे झुकू नये म्हणून तशी पद्धतच होती. पण मास्तरणीला धीर कुठला? निळ्या नळ्या गप्प निघाल्या, पांढऱ्या बडबड्या, आणि हिने ठरवूनच टाकलं की निळं म्हणजे औषध.

बरं, हे मनात तरी ठेवावं. तिने थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई पडदे शिवायची. अर्धशिशी उठली की मशीन बंद आणि खोलीत अंधार. अगदीच असह्य झाल्याशिवाय ती त्याच औषधाच्या गोळीला हात लावत नसे.

"वाट कशाला बघतेस?" मास्तरीण म्हणाली. "रोज एक घेत जा. दुखणं डोकंच वर काढणार नाही."

"डॉक्टरांना विचारू का?"

"अगं, मी रोज तेच तर बघते."

ताईने डोळे झाकून विश्वास ठेवला.

पुढे सगळी मोजणी संपली आणि साहेबांनी झाकणांचा उलगडा केला. "निळं म्हणजे मिठाचं पाणी," ते चष्मा पुसत म्हणाले. "रोज औषध मिळालेल्यांचीच दुखण्याची जनुकं जास्त बोलताहेत. माणसातही असंच होतं का, ते बघावं लागेल. पण निकाल झकास आहे."

मास्तरीण हो म्हणाली. तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि जिन्यात जाऊन फोन लावला. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

"ताई, डोकं कसं आहे?"

"दुखणं वाढलंय गं. आता जवळजवळ रोजच असतं." मागे मशीन चालू नव्हतं. "म्हणून कालपासून दोन घेते. तू वेळेवर सांगितलंस म्हणून बरं, नाहीतर माझं काय झालं असतं?"