टुन्न जावई

सोमेश्वरला शीतल मनापासून आवडली होती. ती मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शिक्षकांच्या एका शिबिरात दोघांची गाठ पडली आणि गडी तेव्हापासून कामातून गेला. आता अडसर उरला होता तिच्या बापाचा. रामराव वाटूरचे बागायतदार, माणूस सरळ पण तापट. दारूचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं पित्त खवळायचं, कारण सख्खा धाकटा भाऊ पुंजाराम बारमाही ढोसायचा. रामराव नाही म्हणाले तर आपण त्यांचा शब्द मोडणार नाही, असं शीतलनं आधीच बजावलं होतं.

म्हणून सोमेश्वर आपल्या मोठ्या बहिणीला, राजनंदिनीताईला, घेऊन वाटूरला आला आणि पलंगावर अंग चोरून बसला. थंडी मरणाची पडली होती. रामरावांनी पीकपाणी विचारलं, मग पाव्हणे नोकरी कशाची करतात, ते विचारलं.

झालं! गड्याला हुरूप चढला. प्रयोगशाळेत तो ज्याच्यावर संशोधन करायचा, त्या पाणअस्वलाची गोष्ट त्यानं सुरू केली. डोळ्याला दिसत नाही एवढासा जीव, शेवाळात राहतो, आठ पाय, पायांना नखं. कडाक्याच्या थंडीत जीव मरतात कशानं? अंगातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याची टोकं आतून फाडतात. म्हणून हा पठ्ठ्या आधीच अंगातलं पाणी काढून टाकतो, पाय पोटात घेतो आणि वाटाण्यासारखा सुकून पडतो. पाणीच नाही, तर बर्फ कशाचा होणार?

इथवर सगळं बराबर चाललं होतं. रामराव मानही डोलावत होते. पण त्या सुकून पडण्याला शास्त्रात म्हणतात 'टुन'. आता आपल्याकडं टुन्न म्हणजे काय, हे शेंबडं पोरगंही सांगेल. सोमेश्वर मात्र प्रयोगशाळेत दिवसभर तोच शब्द ऐकून पार निर्ढावला होता.

"थंडी पडली की तो टुन होतो, मामा," तो म्हणाला.

कोपऱ्यात गोधडी पांघरून बसलेला पुंजाराम एकदम ताठ झाला. किती वेळ राहतो तसा, हेही त्यानंच विचारलं. सोमेश्वर म्हणाला, तीस वर्षं राहिलेलेसुद्धा आहेत. पुंजारामनं हात जोडले.

ताईनं कोपरानं ढोसलं. या शहाण्याला वाटलं, ताई शाबासकी देऊन राह्यली. तो आणखी रंगात आला. आम्हीच त्यांना टुन करतो, कामावर गेलं की पहिलं तेच, आणि आमच्या साहेबांचा तर यात कोणी हात धरणार नाही, असं सगळं सांगून बसला.

रामरावांचा चेहरा लालबुंद झाला. "अन् तुम्ही सोता?"

"कुठलं हो मामा. लई वाटतं, पण माणसाला ते जमत न्हाई."

"जमतंय की," पुंजाराम म्हणाला.

रामराव ताडकन उठले. "चला, निघा. घरात एक टुन्न हाय तेवढा बास झाला. दुसरा मला न्हाई पायजे."

तेव्हा कुठं सोमेश्वरच्या डोक्यात उजेड पडला. पण आता बोलावं तर जीभ टाळूला चिकटलेली. शीतल हातची गेली, या एका विचारानं त्याचं काळीज फाटलं. त्यानं पाय पोटाशी घेतले, मान खांद्यांत घातली आणि तो पलंगावर गोळा होऊन बसला.

दाराआड शीतल तोंडात ओढणी कोंबून हसत होती. त्याचं ते ध्यान बघून तिचं हसू पळालं. ती तांब्या घेऊन बाहेर आली.

"आबा, टुन म्हंजे दारू न्हाई. थंडीनं असं आखडून, वाळून पडणं," तिनं सोमेश्वरकडं बोट केलं. "अन् पाणी मिळालं की तो जीव परत हलतो."

तिनं गलास भरून त्याच्या हातात दिला. त्यानं एका दमात रिकामा केला. दुसराही घटाघटा प्याला. मग त्यानं पाय खाली सोडले.

"मामा, मला शीतल पायजे," तो म्हणाला. "बाकी कशाचीच नशा न्हाई मला."

रामराव हळूच खाली बसले आणि भावाकडं वळले.

"बघ पुंजा. हे पोरगं पाण्यावर उठतंय." मग ते लेकीला म्हणाले, "शीतल, अजून एक गलास आण त्याला. अन् येताना साखर बी आण."