पाटीवरचा चार

...वरचे दोन फाटे आणि खालची बारीकशी गाठ. पुसलेला चार ओल्या पाटीवर अजून फिकट दिसत होता. तीन लिहायला उचललेला खडू त्याच्या बोटांत तसाच राहिला. चार कसा? गेल्या आठवड्यात शेवटचा आकडा तीन असायला हवा होता.

कारण त्या दिवशी क्रम उलटा झाला होता. एरवी कासवांच्या या दवाखान्यात टाकी एक, दोन, तीन, चार असंच जायचं – पाटीवर टाकीचा आकडा लिहायचा, आधी पाटीचा फोटो, मग कासवाच्या पोटाचा, की पुसायचं आणि पुढचा आकडा. पण त्या दिवशी तिसऱ्या टाकीचं पाणी बदलणं चाललं होतं, म्हणून दवाखाना सांभाळणाऱ्या ताईने चौथं कासव आधी काढलं, आणि त्याने... काय केलं त्याने? पुसल्याचं आठवतं. बाहीला खडू लागला होता, त्यावरून सूनबाई बोलली, तेही आठवतं. आकडा मात्र – दोन पुसला की हात आपसूक तीनकडे वळतो, चार वर्षांची सवय आहे.

तसं झालं असेल, तर चौथ्याचं बरं झालेलं पोट तिसऱ्याच्या नावावर गेलं. आणि त्याच फोटोवरून परगावच्या डॉक्टरांनी काल कळवलं होतं, की तीनची जखम भरली, सोडून द्या. चारची इंजेक्शनं चालू ठेवा.

तीन नंबर समोरच होतं, दारापाशी टबात, ओल्या गोधडीवर. बाहेर गाडी उभी. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला होता. भरती उतरली तर होडी गाळात बसेल, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, काका, पाठवणीचे फोटो उरका आता, नवरी ताटकळलीय. झाडणाऱ्या मावशी हसल्या. तोही हसला. आपलं हसू खोटं आहे हे सगळ्यांना दिसलं असणार, असं त्याला वाटलं.

पाटी कुणीही वापरतं. मासळी किती किलो आली, ते मावशीसुद्धा लिहितात. चार किलो असेल. असेलच.

आज फक्त चेहऱ्याचे फोटो घ्यायचे होते, डावी बाजू, उजवी बाजू, सोडताना ओळखीसाठी घेतात तसे. पोट बघायचं कारणच नव्हतं. त्याने गुडघे टेकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून डावा. कासवाच्या डोळ्यातून चिकट पाणी ओघळत होतं. सगळ्यांच्याच ओघळतं. त्यावरून काही कळत नाही.

पोट बघतो तो मी एकटा. ताई आणि मावशी कासवाला दोन्हीकडून उभं धरतात, पाठ त्यांच्याकडे, पोट माझ्याकडे. जाळ्याच्या दोरीने पडलेली ती लांब चीर त्यांना दिसतच नाही. आणि मी? मीही जखम बघत नाही. मी कडा स्पष्ट आहे का, तेवढं बघतो. माझ्यासमोर दोन पोटं आली, एक उघडं आणि एक मिटलेलं, आणि कुठलं कुणाचं ते मला सांगता येत नाही...

सांगितलं तर ताई फोन लावेल. डॉक्टर काही बोलणार नाहीत, पुढच्या आठवड्यात कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात असेल, बस. घरी मुलगा म्हणेल, बाबा, बरंच झालं, आता आराम करा. गेल्या महिन्यात मी विसरून सूनबाईला आतच ठेवून बाहेरून कुलूप लावलं होतं. सगळे हसले, पण दुसऱ्या दिवसापासून किल्ली खुंटीवर नव्हती. आणि चूक झालेलीच नसली तर? उगाच होडी चुकवली, धडधाकट जनावराला पुन्हा टाकीत कोंडलं, स्वतःहून सांगितलं की मला आता आठवत नाही. कोण सांगतं असं?

आणि झालेली असली, तर उघड्या पोटाने ते खाऱ्या पाण्यात जाईल. कुणाला कळणारसुद्धा नाही. मलाही नाही.

"झालं का काका?" ताईने हातमोजे काढायला घेतले.

"ताई," तो म्हणाला. "ताई, एकदा पोट दाखवता?"

"आता? सोडायच्या दिवशी कशाला छळायचं त्याला?"

"मागच्या खेपेला मी आकडा चुकलो असेन. तीन आणि चारमध्ये... नक्की माहीत नाही मला."

ताईने अर्धवट निघालेला हातमोजा परत वर ओढला. "धरा हो मावशी तिकडून," एवढंच.

त्या दोघी वाकल्या. टबातून वर येताच कासवाचे वल्ह्यांसारखे पुढचे पाय हवेत जोरात आपटू लागले – पाणी शोधत, काहीही शोधत – आणि त्याचा ओला, खोल श्वास ऐकू आला. ताई शेजारीच होती, हाताच्या अंतरावर, तरी तिचा चेहरा कसा झाला असेल हे बघायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. भीती गेली नव्हती, उलट सकाळपेक्षा मोठीच झाली होती. पण ती भीती आता कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. मिटलेलं असू दे, तो मनात म्हणत होता, माझं काहीही होऊ दे, तुझं मिटलेलं असू दे... आणि कॅमेरा खाली करून, तसाच उघड्या डोळ्यांनी, तो पोट पुरतं वर येण्याची वाट बघत राहिला.