बेटावरची झोप

म्हातारीचा हात तिसऱ्यांदा दुपट्याखाली गेला, आणि सत्यवतीने ठरवलं, आता नुसतं बघत बसायचं नाही.

अमरावतीहून बस सुटल्यापासून ती त्या हातावर नजर ठेवून होती. हाडकुळा, रापलेला हात. अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड. शेजारी टेकता टेकता म्हातारीने विचारलं होतं, "कोन हाये वं?" सत्यवती बी.ए. झालेली होती, पण या प्रश्नाचा रोख कळायला तिला कॉलेजात जावं लागलं नव्हतं. दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली तरी लोक विचारायचं सोडत नव्हते.

"आम्ही बौद्ध," ती ताठ मानेने म्हणाली.

"असान. म्या लेकराचं पुसलं. पोरगा का पोरगी?"

"मुलगा."

तेवढ्यावर तिने बोलणं तोडलं. आठ महिन्यांचा आनंद मांडीवर झोपला होता आणि त्याच्या पायांत आजीने घातलेले चांदीचे वाळे होते. दर्यापूरला तिचा नवरा देवमन स्टँडवर वाट बघत असणार. तहसीलीत त्याला नोकरी लागून तीन महिने झाले होते. लेकराला घेऊन एकटीने केलेला हा तिचा पहिलाच प्रवास. उकळलेलं पाणी, कोरडे लंगोट, खोकल्याच्या औषधाची बाटली, सगळं तिने पिशवीत घेतलं होतं.

पावसाचं मात्र तिच्या हातात नव्हतं. वाटेतल्या एका गावाला दोन्ही अंगांनी नाले. बस पहिला नाला ओलांडून आत आली, तर पुढच्या नाल्याचं पाणी पुलावरून चाललेलं. ड्रायव्हर नत्थुजींनी गाडी वळवून मागे आणली, तोवर मागचाही नाला भरला होता.

कंडक्टर चंद्रभानने दारातून डोकं आत घेतलं. "घ्या! पानकायात या गावाले बेट म्हनतेत, थे काई उगी नाई."

"मंग आता?" एकाने विचारलं.

"आता बेट पाहा. टिकिटातच हाये."

सगळे हसले. सत्यवती हसली नाही.

नत्थुजींनी खरंच बेट पालथं घातलं. शाळेवरून, मारुतीच्या पारावरून, कापसाच्या जिनाच्या कुंपणाला लागून. मुरूम दिसला की चाक घालायचं, काळी माती दिसली की माघार. प्रत्येक वाट गढूळ पाण्यात जाऊन संपत होती. खिडक्यांवरचे ताडपत्रीचे पडदे पाडलेले, आत अंधारून आलेलं. आणि त्या अंधारात तो हात.

तिने मनगटच धरलं. "वाळ्यांना हात कशाला लावता?"

आजूबाजूची डोकी वळली. सत्यवतीने दुपटं बाजूला केलं. इवल्याशा तळपायावर नखाच्या तीन लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"चिमटे काढता माझ्या लेकराला?"

"त्याले उठव, माय," म्हातारी म्हणाली. "लय वखत झाला. हे झोप बरी नाई."

"ते मी बघेन. कंडक्टर, यांना दुसरीकडे बसवा."

चंद्रभान म्हातारीला ओळखत असावा. "चाल वं गोदाबाई, मांगं बस. काहून तरास देतं बाईले?"

गोदाबाईने गठुडं उचललं. ती मागे जाईपर्यंत सगळे तिच्या हातांकडे बघत होते. पलीकडच्या बाईने तर स्वतःच्या पोराच्या कमरेचा चांदीचा करगोटा चाचपला.

सत्यवतीने वाळे बघितले. दोन्ही जागच्या जागी होते. मग तिच्या लक्षात आलं, तीन वेळा नख रुतलं, तरी पोर रडलं कसं नाही? पाण्याचा थेंब पडला तरी घर डोक्यावर घेणारं हे पोर. दूध पाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती. चोळी ओली झाली होती. तिने त्याला पदराखाली घेतलं. तोंड उघडंच राहिलं. "आनंद? अरे आनंद?" मान एका बाजूला कलंडली.

कंपाउंडरने खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचा सांगितला होता. तेवढा तिने घरी दिला. मग स्टँडवरची गर्दी बघितली आणि बसमध्ये रडून गोंधळ घालू नये म्हणून आणखी एक दिला, भरलेला. तिनेच, तिच्याच हाताने.

"मावशी!"

गोदाबाई उठलेलीच होती. तिने पोराची पापणी वर केली. "पाह्य. डोयातलं बुबुय मोहरीएवढं झालं. अफू पोटात गेली की असंच होते."

"अफू नाही हो, खोकल्याचं औषध…"

"असन औशीद. खोकल्याच्या औशिदातबी अफू रायते." तिने दुपटं ओढून काढलं, पडदा वर केला, पावसात हात धरून ओला तळवा पोराच्या तोंडावरून फिरवला. मग पुढे ओरडली, "नत्थू, गाडी उभी नोको करू! खड्ड्याखड्ड्यातून घे. धक्के लागू दे."

नत्थुजींनी मागे वळूनही न बघता गाडी खड्ड्यात घातली. शाळा, पार, जीन. पुन्हा शाळा, पार, जीन. मघापासून कुरकुरणारी माणसं दांड्यांना धरून मुकाट हादरत होती. गोदाबाई तळपायावर टिचक्या मारत होती, आणि टिचक्यांच्या मध्ये बोलत होती.

"माही दुर्गा सव्वा वर्साची होती. कापूस येचाले जा लागे. राईएवढी अफू चाटवली. साऱ्याच बाया देत. वावराच्या धुऱ्यावर झोयीत निजवली." टिचकी. "दिस बुडाला तं म्या म्हनलं, कशी शानी माही पोरगी. दिवसभर रडली नाई."

 टिचक्या थांबल्या नाहीत.

सहाव्या फेरीला, जिनापाशी, आनंदने तोंड वेडंवाकडं केलं आणि घोगऱ्या आवाजात, रागारागाने भोकाड पसरलं. चंद्रभान म्हणाला, "येवढा आवाज! याचं फुल टिकीट फाडा लागते." नत्थुजींनी गाडी उभी केली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

दिवस कलताना पुढचा नाला उतरला. पलीकडच्या फाट्यावर गोदाबाईने गठुडं काखेत मारलं.

"मावशी, मी मघाशी तुम्हाला…"

"त्याले लय निजू देऊ नोको आज. पयले डाक्टरले दाखोव." एवढं बोलून ती चिखलात उतरली. सत्यवतीने पडदा वर केला. ती मागे बघेल असं वाटत होतं. तिने बघितलं नाही.

दर्यापूरच्या स्टँडवर देवमनने पोराला घेतलं तेव्हा त्याला त्या खुणा दिसल्या. "हे काय? कोणी केलं?" तो अंगठ्याने त्या चोळू लागला.

"राहू द्या," सत्यवतीने त्याचा हात बाजूला केला. "आधी दवाखान्यात चला. टांग्यात सांगते."

टांगा निघाला. चार-सहा घरं मागे पडली नसतील, तोच तिच्या मांडीवरच्या आनंदचं रडं थांबलं. सत्यवतीने दुपट्याखाली हात घातला, तो इवलासा तळपाय शोधला आणि त्या तीन खुणांशेजारी आपलं नख रुतवलं.

आनंद कळवळून रडला. देवमन दचकून तिच्याकडे बघू लागला. तिने तळपाय हातातच धरून ठेवला.