पाइपावर अडकलेला कापूस

तिसऱ्यांदा तीच डर्ट बाइक दारात उभी राहिली, तेव्हा जठारपेठेतल्या गॅरेजवाल्या देवीदासच्या हातातला पाना खाली पडला. पुढच्या डाव्या शॉकअपच्या पाइपावरून तेल ओघळत होतं. महिन्याभरात दोनदा त्यानं स्वतः तेल अडवणारं रबरी सील बदललं होतं.

"काका, परवा अमरावतीले शर्यत आहे," रागिणी हेल्मेट काढत म्हणाली. "तेल ब्रेकवर गेलं तर मले ट्रॅकवर घेणार नाईत. तुमच्यानं होत नसंल तर सांगा, तिकडंच दाखवते."

तेल्हाऱ्याहून सोबत आलेले तिचे वडील पंजाबराव हसले. "देवीदासभाऊ, चष्म्याचा नंबर वाढवा आता!"

देवीदासला हसू आलं नाही. सील ठोकताना आपलाच हात थरथरत असेल, असं त्याला पंधरा दिवस वाटत होतं. त्यानं शॉकअप उतरवला, सील काढून उजेडात धरलं, चष्मा पुसून पुन्हा धरलं. आतली कड एका जागी कातरली होती. आधीची दोन सीलं डब्यात जपून ठेवली होती, तीही काढली. तशीच कातरलेली. त्यातलं पहिलं तर त्यानं बसवलेलंच नव्हतं, मग चूक हाताची कशी? पाइपावर बोट फिरवलं. काहीच लागेना. पण बोटाचा तरी काय भरवसा, कातडी केव्हाच राठ झालेली. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

पंजाबरावांच्या हातात व्यापाऱ्याला दाखवायच्या कापसाची पिशवी होती.

"दादा, चिमूटभर कापूस द्या."

कापूस त्यानं पाइपावरून अलगद ओढला. चाकाकडच्या टोकापासून वीतभर वर चार तंतू अडकले. पुन्हा ओढला. तिथंच अडकला.

"गाडी कोण धुते?"

"धुवाचं कायले? काळी माती सुकली का गोट्यावानी होते. मी रोज खुरप्यानं खरवडतो," पंजाबराव ऐटीत म्हणाले. "पोरीले हात लावू देत नाई."

"बाबा, खुरप्यानं?"

देवीदासला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. पंजाबरावांचा हात पिशवीतच राहिला होता.

"म्हंजे मीच वाट लावून राह्यलो होतो?"

"त्या ओरखड्यानंच सील कातरते. पण बारीक आहे, घासलं का जाते." तेलात बुडवलेला झिरो नंबरचा पॉलिश पेपर देवीदासनं पाइपावर आडवा फिरवला. कापूस अडकला. पुन्हा घासलं, पुन्हा अडकला. चौथ्या वेळी त्यानं कापूस पंजाबरावांच्या हातात दिला. "तुमी ओढा. मले माह्या हाताचा भरवसा नाई."

पंजाबरावांनी श्वास रोखून ओढला. कापूस सरळ खालपर्यंत गेला.

नवं सील बसलं. निघताना देवीदासनं एक मऊ फडकं त्यांना दिलं. "माती आधी भिजू द्या. मंगच पुसा."

रविवारी दुकान बंद होतं, तरी तो शटर अर्धं उघडून आत येरझाऱ्या घालत होता. चारच्या सुमारास पंजाबरावांचा फोटो आला. चिखलानं माखलेलं चाक, ओलं फडकं धरलेली मूठ आणि पुसून काढलेला वीतभर पाइप. खाली लिहिलं होतं, 'पाइप कोरडा आहे.'

रागिणी कितवी आली, हे लिहायचं ते विसरले होते. देवीदासनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पाइप पुन्हा वरपासून तपासायला घेतला.